तुमच्या ताटावर दिलेला शब्द

ताई, तुम्हाला आवडणार नाही असं एक काम मी केलंय, ते आधीच सांगून टाकतो. मिशीवाल्याला मी जेवू घातलं. तुमच्याच टेबलावर, तुमच्या रिकाम्या खुर्चीसमोर. आणि जे वाढलं ते सूड म्हणून वाढलं. तुम्ही असता तर मला स्वयंपाकघरात नेलं असतं, दार लोटलं असतं आणि हळू आवाजात झापलं असतं. तुमचा तो हळू आवाज मला कुणाच्याही ओरडण्यापेक्षा लय लागायचा. आता झापा. मी बसलोय ऐकायला.

तुम्हाला साताऱ्याजवळ माहुलीच्या घाटावर नेलं तेव्हा मी इथंच होतो, या बंदरात. तुमच्या भावानं फोनवर दाखवलं. चित्र सारखं अडकायचं. एकदा अडकलं ते नेमकं नदीच्या पायऱ्यांवर, आणि परत चालू झालं तेव्हा नुसता धूर होता. मला रजा मिळाली नाही. बंगल्यावर माणसं भेटायला येणार, चहापाणी कोण बघणार? तुमच्याच दुखवट्याचा चहा मी गाळत उभा होतो. लोक कप हातात घेऊन म्हणायचे, फार मोठ्या होत्या मॅडम. मला ओट्याला डोकं टेकवायची सवड नव्हती.

त्या माणसांत मिशीवालाही आला. पांढरी फुलं घेऊन. तुमच्या फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "शी वॉज माय फ्रेंड." मी मागं ट्रे धरून उभा होतो. ट्रेमधले कप वाजायला लागले म्हणून तुमच्या हाताखालच्या धाकट्या साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी आत गेलो, नळ सोडला आणि त्या आवाजात आपल्या जतच्या बोलीतल्या, मराठीतल्या आणि कानडीतल्या, जेवढ्या येत होत्या तेवढ्या शिव्या दिल्या. तुम्ही म्हणायचा, कानडीतली शिवी कशी पोटातून येते. त्या दिवशी तशीच आली.

हे जो कुणी वाचील त्याला वाटेल हा मिशीवाला कोण. लढणाऱ्या दोन देशांपैकी एकाच्या नेव्हीचा मोठा साहेब. कुठला देश, कुठलं बंदर, हे मी लिहीत नाही. तुमची ताकीद अजून माझ्या कानात आहे, स्वयंपाकघरातलं बाहेर न्यायचं नाही. आणि तुम्ही म्हणजे आपल्या देशाच्या दूतावासातल्या मोठ्या बाई, आणि मी तुमचा आचारी बिरू. सातवीतून शाळा सुटलेला.

तुम्हाला पहिल्यांदा बघितलं ते साताऱ्याच्या तुमच्या घरात. सांगलीच्या हॉटेलातनं मला तुमच्या आईंच्या स्वयंपाकाला आणलं होतं. आजारपणानं आईंच्या तोंडाची चव गेली होती. तुम्ही रजेवर आलात आणि आईंच्या ताटातलं पिठलं बोटानं चाटून बघितलंत. म्हणालात, "हे कुणी केलं?" मी घाबरलो. मला वाटलं मीठ चुकलं.

"मी केलंय."

"परदेशात येतोस का?"

"तिथं ज्वारी मिळती का?"

तुम्ही एवढ्या हसलात की आतनं आईंनी हाक मारली. "ज्वारी मी मिळवते. तू फक्त ये."

आई गेल्या, त्यांचं सगळं पार पडल्यावर मी आलो. माझ्या वस्तीवरनं विमानात बसलेला मी पहिला माणूस. मला वाटायचं, आज ना उद्या या बाईंच्या लक्षात येईल आपण चुकीचा माणूस आणलाय, आणि पाठवतील परत. ती भीती कधी गेलीच नाही. भाकरी जरा करपली की मी बॅगेकडं बघायचो. तुम्हाला हे माहीत होतं. म्हणून तुम्ही करपलेलीच भाकरी मागून घ्यायचा.

मग लढाई सुरू झाली. आपण दोघांतल्या कुणाच्याच बाजूला नाही, हे मला टीव्हीवरनं कळत होतं. पण मग तुम्ही दिवसभर फोनवर का, जेवण तिसऱ्यांदा गरम का करायचं, हे कळत नव्हतं. एकदा मी विचारलंच.

"आवं ताई, आपली लढाई न्हाई, तर आपल्याला कशाचा एवढा घोर?"

तुम्ही टेबलावर मीठदाणी ठेवलीत, मिरपूड ठेवलीत आणि मधून चमचा सरकवलात. "हा एक देश, हा दुसरा. आणि हा आपल्या व्यापाराचा रस्ता. आपलं जहाज, आपला माल, आणि ज्याच्याकडं चाललाय तोही लढाईत नाही. तरी हा म्हणतो, तुमचा माल त्याला पोचेल. तो म्हणतो, ह्याला पोचेल. दोघंही अडवतात."

"मंग हे आमच्या टँकरसारखं झालं."

"कसला टँकर?"

मग मी तुम्हाला ती गोष्ट सांगितली. आमच्या वस्तीला उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा तो दोन वस्त्यांमधनं. त्या दोन वस्त्यांचं बांधावरनं वैर. एकदा टाळकी फुटली आणि दोघांनी रस्ताच अडवला. आमचं भांडण कुणाशीच नव्हतं, आणि तहानेनं आमचीच मेंढरं जिभा काढायला लागली. तेव्हा माझा आज्जा दोन्हीकडं गेला. कोण बरोबर, कोण चूक, हे त्यानं विचारलंच नाही. पंच व्हायला गेला नाही. म्हणाला, "तुमचं तुमी बघा. मला फकस्त टँकरपुरता रस्ता द्या."

तुम्ही चमचा मीठदाणी-मिरपुडीच्या मधनं पार पलीकडं सरकवलात. मग म्हणालात, "न्याय मागायचा नाही, रस्ता मागायचा. बिरू, हे मला एवढ्या वर्षांत कुणी इतकं सोपं करून सांगितलं नाही." मला माहीत आहे, तुम्हाला आधीच सगळं ठाऊक होतं, मला बरं वाटावं म्हणून म्हणालात. पण मला लय बरं वाटलं. तुम्ही विचारायचा, "मग पुढं काय झालं?" आणि मी म्हणायचो, "पुढं पाऊस पडला." खोटं नव्हतं ते. अर्धं होतं. उरलेलं अर्धं तुमच्यासमोर सांगायला मला संकोच वाटायचा. ते खाली सांगतो.

तुमची तऱ्हा मला हळूहळू कळली. जे कचेरीत जमत नाही ते तुम्ही जेवणावर आणायचा. आज मिशीवाला, चार दिवसांनी त्याच्या वैऱ्याकडचा टकलू. दोघांना एकाच वेळी कधी नाही. आणि दोघांसाठी मी करायची ती शेंगाची पोळी, आमच्या सीमेकडची, वर तुपाची धार. मिशीवाला त्या पोळीवर असा तुटून पडायचा की मिशीला शेंगकूट लागायचं आणि तुम्ही मुद्दाम दुसरीकडं बघायचा.

"ह्याला दोन वाढल्यास?" तुम्ही आत येऊन विचारायचा.

"दोन."

"मग त्यालाही दोनच होत्या ना? तूप?"

"सारखंच, ताई."

"बघ हं. एकाच्या ताटात धार जास्त पडली, तर उद्या आपली जहाजं अडतील."

तुम्ही थट्टेत म्हणायचा, पण मी धास्तीनं चमच्यानं तूप मोजायला लागलो होतो.

आपलं भांडण झालं ते त्या पोळीवरनंच. मी म्हणालो, "वैऱ्याला गोड कशाला घालायचं?" तुम्ही म्हणालात, "तो आपला वैरी नाही, बिरू. तोच तर घोळ आहे. आपला कुणीच वैरी नाही, म्हणून आपल्याला वाटेल तो अडवतो." मी म्हणालो, "आन् उद्या जेवून, ढेकर देऊन, शब्द फिरवला तर?" तुम्ही म्हणालात, "तर परवा परत जेवायला बोलवायचं." मी परात आपटली. तुम्ही म्हणालात, "परात कशाला आपटतोस, मला आपट." ते भांडण आपलं तिथंच राहिलं. मिटलं नाही.

मग ते सांगलीच्या हळदीचं जहाज आलं. हळद आणि बेदाणे. मिशीवाल्याच्या बोटींनी ते खोल पाण्यात थांबवून ठेवलं. म्हणे, माल वैऱ्याकडं जाणार. जहाजावर आष्ट्याचा एक गडी इंजिनखान्यात कामाला. त्याच्या बायकोनं कुठनं तरी माझा नंबर काढला. सांगलीकडचा माणूस दूतावासात आहे एवढंच तिला कळलं होतं, मी आचारी आहे हे नव्हतं. "दादा, पिण्याचं पाणी मापानं देत्यात म्हणं. तुमी साहेबास्नी सांगा की." मी तिला म्हणालो, "साहेब न्हाईत, बाई हायेत. मी सांगतो." तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तिचं नाव विचारलंत आणि रोज सकाळी चहा घेताना, "आष्ट्याचा निरोप आला का?" म्हणायला लागलात.

मिशीवाल्याला बोलावलंत. तो म्हणाला, पोत्यात काय असेल काय सांगावं. तुम्ही मला खूण केलीत. मी पेल्यात हळदीचं दूध आणून ठेवलं, पिवळंधमक. तुम्ही म्हणालात, "हा तो दारूगोळा. पिऊन बघा." तो एवढा हसला, आणि प्यायलासुद्धा. त्या दिवशी दोनऐवजी तीन पोळ्या खाल्ल्या. मी घाबरून तुमच्याकडं बघितलं, तुम्ही डोळ्यानंच वाढ म्हणालात. आणि पोळीचा शेवटचा घास तोंडात असताना तो म्हणाला, "फ्रायडे. माय वर्ड." मी तिथं तुपाची वाटी घेऊन उभा होतो. एवढं इंग्रजी मला कळतं. तो गेल्यावर तुम्ही आत आलात आणि ओट्यावर चढून बसलात, साताऱ्याच्या घरात बसायचा तशा. "बिरू, सुटलं. आष्ट्याला कळव."

मी कळवलं.

शुक्रवार आला, जहाज हललं नाही. शनिवारी तुम्ही फोन केलात. तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, पण तुमचा आवाज ऐकू आला. तोच हळू आवाज. फोन ठेवून म्हणालात, "तो म्हणतोय, असं काही बोलणंच झालं नाही." मग दिल्लीचे फोन. लेखी का घेतलं नाही? एकाच्या तोंडी शब्दावर माल मोकळा होतोय असं वर कळवलंतच कसं? तुम्ही एवढंच म्हणत होता, "लेखी मागितलं असतं तर तोंडीही मिळालं नसतं." आणि टकलूला त्याचा वास लागल्यावर तो म्हणायला लागला, तुम्ही मिशीवाल्याच्या बाजूच्या. एका खोटेपणानं मिशीवाल्यानं तुमची दोन्ही दारं लावली.

त्यानंतर तुम्ही नीट जेवलाच नाहीत. करपलेली भाकरीसुद्धा परत यायला लागली. आणि एका दुपारी खुर्चीतच तुमच्या छातीत कळ आली. डॉक्टर म्हणाले हृदय. मी डॉक्टर नाही. पण ती कळ कुणी घातली ते मला माहीत आहे.

म्हणून त्याची फुलं मी फुलदाणीत ठेवली नाहीत. कडू लिंबाच्या बुडाशी टाकली, तुम्ही अंगणात वाढवलेल्या लिंबाच्या. तिथं बसून मी काय काय विचार केले ते सगळं सांगत नाही. माझ्या हातात सुरी असते, त्याच्यासमोरचं ताट माझ्या हातातनं जातं, एवढ्यावरनं समजून घ्या. पण तुमच्या स्वयंपाकघरातनं कुणाच्या जिवाला अपाय गेला असता तर तुमचं नाव बुडालं असतं, आणि त्याला तेच हवं होतं.

मग धाकट्या साहेबांनी सांगितलं, तुमच्या आठवणीत एक जेवण ठेवायचं. मिशीवाला, टकलू, आणि ज्यांची जहाजं अडकलीत अशा दुसऱ्या बिनलढाईच्या देशांचे दूत. "और बिरू, वो मूंगफली वाली पोली ज़रूर। कमांडर साहब को पसंद है।" मी "जी" म्हणालो. आष्ट्याच्या वहिनीचा निरोप त्याच सकाळी आला होता, जहाज तिथंच आहे म्हणून. तुम्ही गेल्याचं तिला मी सांगितलं नव्हतं. तिला काय सांगू? शब्द देणारा फिरला आणि घेणारी गेली, आता तुझ्या माणसाचं नाव घेणारं इथं कोणी नाही?

आता गोष्टीचं उरलेलं अर्धं. दोन वस्त्यांपैकी एकीच्या म्होरक्यानं आज्ज्याला रस्त्याचा शब्द दिला आणि फिरवला. त्याच उन्हाळ्यात माझी आज्जी गेली. आमच्याकडं मयताच्या घरात चूल पेटत नाही. भावकी भाकरी आणि बिनफोडणीचं पिठलं आणते. आधी लिंबाचा पाला चावायचा आणि मग जेवायचं. त्याला कडू घास म्हणतात. वैर असलं तरी मयताला यावं लागतं, म्हणून तो म्होरक्याही आला. आज्ज्यानं त्याला स्वतःच्या हातानं पाला दिला आणि सगळ्या भावकीसमोर म्हणाला, "रस्त्याचा शब्द तू हिच्या चुलीपुढं बसून दिलावतास. आता हिचा कडू घास खा. खाल्लास की तू या घरच्या सुतकात आलास. सुतकात असताना मयताच्या चुलीपुढं बोललेलं मोडायचं न्हाई." आमच्या वस्तीवर ही रीत जुनी. तुम्हाला सांगितली नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, माणूस गेलेल्या घरातही तुम्ही डाव टाकता होय रे? व्हय ताई. टाकतो. तहान लागली की टाकतो.

जेवणाच्या दिवशी मी शेंगा भाजल्याच नाहीत. ज्वारीच्या भाकरी केल्या. पिठल्याला फोडणी दिली नाही. आणि प्रत्येक ताटात लिंबाची एकेक डहाळी ठेवली. सगळ्यांना सारखं. मिशीवाल्याला एक पान जास्त नाही, टकलूला एक कमी नाही. तुम्ही शिकवलंत तसं मोजून.

धाकट्या साहेबांचा चेहरा उतरला. "ये क्या है, बिरू?" दातावर दात ठेवून विचारलं. मला वाटलं, आज संध्याकाळीच बॅग. तरी मी मोठ्यानं बोललो, माझ्या मोडक्या हिंदीत, "साहब, हमारे गाँव में जब कोई जाता है तो ये खाते हैं। मैं मॅडम के चिता पे नहीं था। मेरा ये बाकी था।" साहेब ते हळूच इंग्रजीत सगळ्यांना सांगायला लागले. बाकीचे दूत उठून उभे राहिले, मग बसले, आणि एकानं पान तोंडात घातलं.

मी मिशीवाल्याच्या खुर्चीमागं जाऊन उभा राहिलो. "और बोलिए साहब, जो ये खाता है वो घर का हो जाता है। मॅडम ने इस टेबल पे जिससे जो बात की, वो नहीं टूटती। शुक्रवार की बात भी।"

साहेब माझ्याकडं बघत राहिले. तुम्ही त्यांना नवखा म्हणायचा, पण ताई, त्यांनी ते सांगितलं. शब्दाला शब्द. शुक्रवारसकट. टकलू मिशीवाल्याकडं बघत होता. ज्यांची जहाजं अडलीत ते सगळे त्याच्याकडं बघत होते. उठून गेला असता तर सगळ्यांसमोर मयताचं ताट लाथाडल्यासारखं झालं असतं. त्यानं डहाळी उचलली. मला वाटलं एकच पान तोडील. मी तिथंच उभा होतो, हलतच नव्हतो. त्यानं डहाळीवरची सगळी पानं ओरबाडली आणि चावली. चावताना त्याचा सगळा चेहरा गोळा झाला, मिशी वर गेली, डोळ्यांत पाणी आलं. ते रडणं नव्हतं, नुसता कडूपणा होता. आणि ताई, मला लय बरं वाटलं. देवाशप्पथ सांगतो, तुम्ही गेल्यापासनं मला पहिल्यांदा भूक लागली.

आष्ट्याच्या वहिनीचा आवाज आला तो त्याच आठवड्यात. "दादा, ह्यांचा फोन आलता. निघालो म्हणालं. तुमच्या बाईंना माझा नमस्कार सांगा." हा सांगितला.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना, मग राग सोड. जहाज पानानं सुटलं की मिशीवाल्याच्या वरिष्ठांच्या हुकमानं, ते मला माहीत नाही. धाकटे साहेबही सांगत नाहीत, नुसतं हसतात. मला परत पाठवणार का, तेही सांगत नाहीत. पण दुसरी जहाजं अजून येतायत, एक फलटणकडच्या साखरेचं आहे म्हणे, आणि तुमचीच तऱ्हा पुढं चाललीय, आज हा जेवायला, चार दिवसांनी तो. मिशीवाला परवा आत डोकावून म्हणाला, "नो पोली?" मी म्हणालो, "सॉरी साहब."

आपल्याकडं तेराव्याला घरात गोड केलं की सुतक फिटतं. तुमच्या भावानं साताऱ्याला केलं, मला फोटो आला. पण या बंगल्यात गोड व्हायचं ते माझ्या हातनं, आणि मी ते केलेलं नाही. माझ्या आज्ज्यानं त्या वर्षी आमच्या घरात गोड करू दिलं ते थेट पाऊस पडल्यावर. तोवर तो म्होरक्या सुतकातच होता आणि टँकर रोज येत होता.

शेंगा आणून ठेवल्यात, ताई. गूळ आहे, तूप आहे. लढाई संपेपर्यंत डब्याला हात लावणार नाही. तोवर तो येईल, बसेल, आणि मी त्याला पिठलं वाढीन. त्यापायी तुमचंही सुतक इथं फिटत नाही, हे मला कळतं. एवढं माझ्यासाठी सोसा.